वासापुरती व्हिस्की

आमच्या सरांनी नोकरीच्या सगळ्या वर्षांत दारूचा थेंब तोंडात घेतला नाही. आणि तरी अकोल्याच्या एमआयडीसीपलीकडे, धान्यापासून स्पिरिट काढणाऱ्या आमच्या कारखान्यात कोणती टाकी पास आणि कोणती नापास, हे त्यांच्या नाकावर ठरायचं. प्रयोगशाळेत यंत्रं होती, त्यांचे रिपोर्ट निघायचे. पण यंत्राने पास केलेल्या मालाला सरांनी नाक मुरडलं, की तो सगळा माल पुन्हा गाळायला जायचा. मालक चिडायचे, वरच्या मजल्यावरून फोन करायचे. सर फोनवर शांतपणे सांगायचे, "ओल्या गोन्याचा वास येऊन राहिला साहेब. तुमाले येत नसन, पन पेनाऱ्याले सकाळी डोक्यात येईन."

मी अमरावतीची. घरात आजोबांपासून शिक्षकी पेशा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मला या कारखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "तिथे नेमकं काय करायचं?" ते मलाही माहीत नव्हतं. मुलाखतीच्या टेबलामागे एक उंच, सावळा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस बसला होता. त्यांनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. झाकण लावलेला एक छोटा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाले, "वास घे अन् सांग."

मी वास घेतला आणि म्हणाले, "चांगला आहे."

"चांगला हा वास नसते पोरी. कायचा वास हाय, ते सांग."

मी पुन्हा नाक लावलं. मग घाबरत म्हणाले, "आमच्या शेजारी लग्न होतं, तेव्हा मंडपात खोबऱ्याच्या वड्या थापत होते. तसा."

"तेलाच्या खोबऱ्याचा का वडीच्या?"

"वडीच्या. साखर घातलेल्या."

त्यांनी मान हलवली आणि उठून गेले. मुलाखत संपली. पुढच्या सोमवारपासून मी कामाला लागले.

सरांचे नियम प्रयोगशाळेच्या दारावर लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. डोक्याला सुवासिक तेल नको, गजरा नको, अंगाला सेंट नको. दुपारी काम संपेपर्यंत कच्चा कांदा खायचा नाही. सर्दी झाली तर सुट्टीचा अर्ज न देता घरी जायचं. कोणी हट्टाने कामावर आलंच, तर सर त्याला दिवसभर काचेची भांडी धुवायला बसवत. "नाक बंद असलेला केमिस्ट अन् पंक्चर झालेली सायकल, दोघाईले हातानं ढकला लागते," असं ते म्हणायचे.

त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कापसाने तोंड बंद केलेल्या काचेच्या बरण्या असायच्या. एकीत वरूडच्या संत्र्यांची वाळलेली साल, एकीत परतवाड्याच्या लाकूड डेपोतला सागाचा भुसा, एकीत सरकीची ढेप, एकीत डाळ मिलमधून आणलेली तुरीची चुरी. नव्या माणसाला डोळे मिटायला लावून ते एकेक बरणी नाकाशी धरत. एकदा आम्हा दोघी-तिघींना त्यांनी एस.टी.ने वरूडला नेलं. आम्हाला वाटलं, सहल आहे. संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये त्यांनी आम्हाला दुपारभर उभं केलं आणि पिकलेल्या, दबलेल्या आणि सडायला नुकत्याच लागलेल्या संत्र्याच्या वासातला फरक ओळखायला लावला. शेडचा मालक हसून म्हणाला, "मास्तर, खाऊन पाहा ना. वासानं काय पोट भरते?" सर म्हणाले, "पोट घरी भरते. इथं शिकाले आलो."

ते दारू का पीत नाहीत, हे मी त्यांना बऱ्याच वर्षांनी विचारलं. उन्हाळ्याचे दिवस होते, अकोल्याचं ऊन खिडकीच्या काचेतूनही भाजत होतं. कूलरसमोर बसून सरांनी सांगितलं.

त्यांचे वडील अकोल्यात जिनिंग प्रेसमध्ये हमाल. दिवसभर कापसाच्या गाठी उचलायच्या आणि संध्याकाळी मोहाची घ्यायची, असा त्यांचा क्रम. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून दारू सोडली ती कायमची. पंचशीलातल्या बाकीच्या गोष्टी आपल्याला किती जमल्या ते सांगता येत नाही, पण ही एक जमली, असं ते अभिमानाने सांगायचे. त्यांच्या मुलाला, म्हणजे सरांना, शिकूनसवरून नोकरी मिळाली ती नेमकी दारूच्या कारखान्यात. वस्तीत चर्चा झाली. विहारात कोणीतरी टोमणा मारला. एक दिवस म्हातारबुवा सायकल घेऊन सरळ कारखान्याच्या गेटवर आले.

"म्या त्याईले आत नेलं," सर सांगत होते. "जवारीची गोदामं दाखवली, टाक्या दाखवल्या, स्पिरिट गाळाचा तो उंच कॉलम दाखवला. बुढा लय वेळ मान वर करून पाहत राहिला. मंग म्हने, हे सारं जवारीतून निघते? म्हनलं हो. म्हने, अन् तुले चाखा लागते? म्हनलं, नाही, वासावर भागते. तं म्हने, मंग वासावरच भागव. म्हनलं, भागवीन. अन् सायकलवर बसून चालला गेला."

एवढं सांगून सर उठले आणि नमुन्यांकडे वळले. त्यांच्यासाठी तो विषय तिथेच संपलेला होता.

त्या बाटलीची गोष्ट नंतरची. कारखान्यात नवा कॉलम बसवायचा ठरला, तेव्हा त्याच्या जोडणीसाठी स्कॉटलंडहून एक म्हातारा इंजिनियर आला. गोरा, लालबुंद, उन्हाने हैराण. इतर लोक त्याला गेस्ट हाउसच्या एसीत बसवून ठेवायचे. सरांनी त्याला पहिल्याच आठवड्यात स्कूटरवर मागे बसवलं आणि तेलाच्या घाण्यावर नेलं, कारण गेटवरून जाणाऱ्या ट्रकमधून कसला वास येतो असं त्याने विचारलं होतं. तो सरकीच्या ढेपेचा होता. दोघं तासभर ढेपेसमोर उभे होते. सरांचं इंग्रजी पुस्तकी, त्या माणसाचं आम्हाला निम्मं कळायचं नाही, पण त्या दोघांचं एकमेकांशी छान जमलं. तोही ग्लास आधी नाकाशी न्यायचा आणि बराच वेळ तिथेच धरायचा. फरक इतकाच, की नंतर तो प्यायचा.

परत गेल्यावर त्याने पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या इंजिनियरच्या हातून सरांसाठी एक बाटली पाठवली. तीस वर्षांहून अधिक काळ लाकडी पिंपात राहिलेली सिंगल ग्रेन व्हिस्की. सर पिणार नाहीत, हे त्याला माहीत होतं. तरी पाठवली.

आमच्यापैकी कोणी अशी व्हिस्की पाहिली नव्हती. मला नावावरून वाटलं, एकाच धान्याची असेल. सरांनी लगेच दुरुस्त केलं. "सिंगल म्हंजे एकाच कारखान्यातली. धान्य दोन बी असू शकते." मग त्यांनी सगळं समजावलं. स्कॉटलंडमध्ये मान असतो तो माल्टला. ती जवापासून तांब्याच्या भांड्यात थोडी थोडी गाळतात, अंगाला दाट, वासाला ठसठशीत. ग्रेन गव्हाची नाहीतर मक्याची, आमच्यासारख्याच उंच कॉलममधून अखंड वाहणारी, हलकी. ती बहुतेक सगळी मिसळायला जाते. नेहमीच्या बाटलीत अर्ध्याहून जास्त तीच असते, पण वर तिचं नाव नसतं. एखाद्या गोदामात काही पिंपं मागे राहतात, वर्षांमागून वर्षं जातात, आणि कोणीतरी उघडून पाहतं तेव्हा आतलं काहीतरी वेगळंच झालेलं असतं.

"वरनावरचं तूप साऱ्याले दिसते," सर म्हणाले, "पोट डाळीनं भरते. ही डाळ हाय. तीस वर्ष कोनं तिच्याकडं पाह्यलं नाही, म्हनून ती अशी झाली."

त्यांनी चहाच्या चमच्याएवढी व्हिस्की ग्लासात काढली, तेवढंच पाणी घातलं, वर काचेची झाकणी ठेवली आणि आम्हाला थांबायला लावलं. मग एकेकाच्या हातात ग्लास दिला. आधी काहीच आलं नाही. माल्टसारखी ती अंगावर धावून येत नाही. थोड्या वेळाने खोबरं आलं, मग आटवलेल्या दुधाची गोडी, मग नव्या फर्निचरच्या पॉलिशसारखं काहीतरी तीक्ष्ण, आणि ते ओसरल्यावर फार खालून, उन्हात ठेवलेल्या कोरड्या लाकडाचा वास. मी एकेक सांगत गेले. सर डोळे मिटून ऐकत होते.

"तिच्या अंगात सोताचं लय नव्हतं," ते म्हणाले. "कॉलमनं सारं धुऊन काढलं. म्हनून लाकडानं जे सांगतलं, ते तिनं ऐकलं. हट्टी असती तं एवढं शिकली नसती."

काढलेली व्हिस्की ते बाटलीत परत ओतत नसत, फेकतही नसत. उथळ काचेच्या ताटलीत खिडकीशी ठेवून देत. ती आपोआप उडून जायची. "हवेनं पेली," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी मात्र रिकाम्या ग्लासाचा वास घ्यायचा, हे ठरलेलं. ते आम्ही कोणी कधी चुकवलं नाही.

त्या बाटलीवरून मालकांशी एक प्रसंग झाला. मुंबईहून माल घेणारे पाहुणे आले होते. मालकांनी त्यांना कौतुकाने सांगितलं, की आमच्याकडे तीस वर्षांची स्कॉच आहे. पाहुणे उठून प्रयोगशाळेतच आले. बर्फ आणि सोडा मागवला गेला. आम्हाला वाटलं, सर नाही म्हणतील. सर म्हणाले, "बसा ना साहेब." त्यांनी प्रत्येकाला पांढऱ्या टेबलाशी स्टुलावर बसवलं, बर्फ-सोडा बाजूच्या खोलीत पाठवला, ग्लासात थोडी थोडी व्हिस्की काढली आणि झाकण्या ठेवल्या. म्हणाले, "मी सांगतो तवा झाकन काढा."

पंखाही बंद केला होता. पाहुणे घाम पुसत बसले. बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "काढा. आता नाक लावा, पन तोंड नका लावू. काय येते?" एक जण म्हणाला, "स्मूथ." सर म्हणाले, "तो वास नाही. परत झाकन ठेवा." असं तीनदा झालं. दुसऱ्या पाहुण्याने घड्याळ पाहिलं. शेवटी मालकच उठले आणि म्हणाले, "चला, जेवण थंड होतंय." सगळे गेले. सरांनी ग्लासातलं शांतपणे ताटलीत ओतलं. मालक त्यावरून सरांशी आठवडाभर बोलले नाहीत. नंतर एकदा एकटेच आले आणि म्हणाले, "त्या दिवशी मला खरंच केळ्याचा वास आला होता, पण लोकांसमोर सांगायला लाज वाटली." सर खूश झाले. त्यांनी बाटली काढली आणि मालकांना दुपारभर बसवून घेतलं.

निवृत्तीनंतर सर अमरावतीला राजापेठेत राहायला आले. मॅडम, म्हणजे त्यांची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. दोन्ही मुली लग्न होऊन पुण्याला आणि हैदराबादला. सरांसोबत बाटलीही घरी आली, आणि तिच्यावरून घरात पहिल्यांदा वाद झाला. मॅडमच्या माहेरी एक भाऊ दारूने गेला होता. त्यांनी बाटलीला हात लावला नाही, पण सांगितलं, "घरात ठेवायची असन तं मले दिसाची नाही." सरांनी ती कपाटावर जुन्या रजयांच्या मागे ठेवली. मी माहेरी गेले की त्यांच्याकडे जायचे. मॅडम विहारात गेल्या असल्या, तर सर बाटली खाली काढायचे. त्या घरी असल्या, तर आम्ही नुसता चहा प्यायचो.

मग साथीच्या दुसऱ्या लाटेत दोघंही आजारी पडले. दोघंही वाचले. पण दोघांनाही वास येईनासा झाला. मॅडमना तो पंधरा-वीस दिवसांत पुन्हा यायला लागला. सरांना आला नाही.

मला मॅडमचा फोन आला. "जराशी येऊन जाय. दूध उतू जाऊन भांडं काळं झालं, अन् हे बाजूले बसून पेपर वाचून राहिले होते."

मी गेले तेव्हा सर बारीक झाले होते. जेवण सुटलं होतं. "सारं पानी झालं पोरी," ते म्हणाले. "चहा म्हंजे गरम पानी. वांग्याची भाजी म्हंजे मऊ पानी." डॉक्टरांनी लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीच्या तेलाचा रोज वास घ्यायला सांगितलं होतं. मी बरण्या भरून दिल्या. सरांनी ते शाळकरी मुलासारखं मन लावून केलं, सकाळ-संध्याकाळ, महिनोन्‌महिने. काही झालं नाही. सर आता नाहीत. शेवटपर्यंत त्यांना कसलाही वास परत आला नाही.

पण त्याआधीची एक रविवारची दुपार मला सांगायची आहे. मी गेले तर बैठकीच्या टेबलावर ती बाटली होती. तळाशी थोडी उरलेली. मॅडम घरीच होत्या, स्वयंपाकघराच्या दाराशी खाली बसून मेथी निवडत होत्या. सरांनी त्यांच्यादेखत ग्लासात व्हिस्की काढली होती. झाकणी नव्हती.

"आज पेऊन पाहतो," सर म्हणाले.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या मान खाली घालून मेथी खुडत होत्या.

"सर, तुम्हीच शिकवलंत ना, चव म्हणजे बहुतेक वासच असतो. तुमच्या जिभेला नुसती आग लागेल."

"मालूम हाय."

"मग?"

"आगच सही. काही तरी तं लागन." त्यांनी ग्लास उजेडात धरला. "एवढी वर्ष हिले वळखतो. आता समोर हाय, अन् मले वळखू येत नाही. बुढ्याले शब्द देल्ला होता का वासावर भागवीन. आता वासच नाही तं कायच्यावर भागवू?"

त्यांनी ग्लास माझ्यापुढे केला. "तू घे पयले. सांग मले."

मी ग्लास घेतला. खोबरं सांगितलं. आटवलेलं दूध सांगितलं. पॉलिश, कोरडं लाकूड, जरा केळं. होता होईल तितकं नेमकं सांगत होते. सरांनी हात वर करून मला थांबवलं.

"हे माहेच शब्द तू मले वापस देऊन राहिली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी ग्लास माझ्या हातातून घेतला आणि ओठांकडे नेला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या.

त्या उठल्या, पदराला हात पुसले, जवळ आल्या आणि सरांच्या हातातून ग्लास काढून घेतला. मला वाटलं, आता मोरीत ओततील. सरांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी रिकामे हात मांडीवर ठेवले. मॅडम ग्लास धरून उभ्या राहिल्या. मग कडू औषध घेणाऱ्या माणसासारखे डोळे घट्ट मिटून त्यांनी तो नाकाशी नेला.

त्यांनी डोळे उघडले. ग्लासात पाहिलं. पुन्हा वास घेतला, या वेळी हळू.

"हे?" त्या म्हणाल्या. "हे होय ते?"

"काय येते?" सरांनी विचारलं.

"हा तं तुमच्या शर्टाचा वास हाय."

सरांना कळलं नाही. "कोनत्या शर्टाचा?"

"साऱ्याच. कारखान्यातून आले का खुंटीले टांगत होते ना, त्याचा." मॅडम खुर्चीवर बसल्या. ग्लास त्यांच्या हातातच होता. "धाकटी लहान होती, तवा तुमी बाहेरगावी गेले का रडून रडून जीव खाये माहा. काही केल्या झोपत नव्हती. मंग मी तुमचा न धुतलेला शर्ट तिच्या उशाले द्यायची. त्याच्यावर नाक घासे अन् झोपून जाये. मोठी बी तसंच करे. म्या तुमचा एक शर्ट कधी धुतलाच नाही. तुमी इचारत होते, तो निळ्या पट्ट्याचा कुठी गेला म्हनून."

सर मॅडमकडे पाहत राहिले. खाली गल्लीत क्लासला निघालेल्या पोरांच्या स्कूटरींचा आवाज चालला होता.

"तू मले कधी सांगतलं नाही," ते म्हणाले.

"काय सांगू? मले काय मालूम, ते दारूचं हाय म्हनून," मॅडम म्हणाल्या. "मले वाटे तुमचाच वास हाय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खुर्ची ओढून ते मॅडमच्या जवळ सरकले आणि मान थोडी पुढे करून बसले.

"अजून घे," ते म्हणाले. "घाई नको करू. अजून काय येते, ते सांग."